जिभेखालची गोळी द्यायच्या आधी आणि नंतर: सिस्टर आणि ब्रदर लोकांसाठी नायट्रेटचं सगळं

सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेट गटातली गोळी, आपल्याकडे आता जवळपास घरगुती झालीये. कुणाच्या छातीत जरा कळ आली की शेजारचे काका खिशातून स्ट्रिप काढून देतात, व्हॉट्सॲपवर तर फॉरवर्ड फिरतच असतात, आणि मग वॉर्डात नवीन लागलेल्या स्टाफलाही वाटायला लागतं की यात काय एवढं, पाच एमजीची गोळी तर आहे, जिभेखाली ठेवली की झालं. ठेवायला दोन सेकंदच लागतात, खरंय. पण त्याच्या आधीची दोन-तीन मिनिटं आणि नंतरची पंधरा मिनिटं, सिस्टरचं खरं काम तिथे आहे, आणि पेशंट कोसळतो तो तिथेच काहीतरी राहिलेलं असतं म्हणून.

सुरुवातीलाच सांगते, ऑर्डर डॉक्टरांचीच, आणि तुमच्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तो आधी, मी लिहितेय ते नंतर. रात्री फोनवर ऑर्डर घेतली तर औषध, डोस, कुठून द्यायचं हे सगळं परत म्हणून दाखवायचं, वेळ टाकून ऑर्डर शीटवर लिहायचं आणि डॉक्टर आले की सही घ्यायची. "सर बोलले होते" हे केस पेपरवर चालत नाही.

औषध करतं काय ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. नायट्रेट शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात, सगळ्यात जास्त शिरा. शिरा सैल पडल्या की रक्त तिथेच साठून राहतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, हृदयाचं ओझं हलकं होतं आणि त्याला लागणारा ऑक्सिजन कमी होतो म्हणून दुखणं थांबतं. कोरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या, पण थोड्या उघडतात. म्हणजे बीपी उतरणं हा वेगळा साइड इफेक्ट नाहीये, औषध काम करतं त्याच वाटेवर तो आहे, फक्त किती उतरतंय ते आपल्या ताब्यात पाहिजे.

आणि अजून एक गोष्ट मुलींना मी नेहमी सांगते. नायट्रेटने दुखणं कमी होतं, पण जीव वाचतो तो ॲस्पिरिनने, थ्रोम्बोलिसिसने म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने, अँजिओप्लास्टीने. १९९५ ला आयसिस-४ नावाचा मोठा अभ्यास छापून आला, ५८ हजारांवर हार्ट ॲटॅकचे पेशंट होते त्यात, नायट्रेटच्या गोळ्या दिलेल्या लोकांत मृत्यू काही लक्षात येण्याइतके कमी झाले नाहीत. त्यामुळे बीपी डळमळीत असेल आणि गोळी थांबवून ठेवली तर पेशंटचं फार मोठं नुकसान होत नाही, पण न बघता दिली तर होऊ शकतं. हे डोक्यात असलं की "द्या ना सिस्टर लवकर, काय बघताय" म्हणून नातेवाईक ओरडले तरी हात घाईत चालत नाही.

आधी काय

छातीत दुखतंय म्हटल्यावर पेशंट बेडवर, डोक्याकडची बाजू थोडी वर, मॉनिटर लावा, एकीकडे बीपी, एकीकडे ईसीजी. कॅज्युअल्टीत आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघालाच पाहिजे, आणि शक्य असेल तर नायट्रेटच्या आधी निघालेला बरा, कारण गोळीने दुखणं गेलं की कधीकधी ईसीजीतले बदलही निघून जातात आणि मग डॉक्टरांच्या हातात नुसता नॉर्मल कागद येतो. पण मशीन दुसऱ्या वॉर्डात गेलंय म्हणून पेशंटला तळमळत ठेवू नका, डॉक्टरांना विचारा.

आयव्ही लाईन, म्हणजे शिरेतली सुई, आधी. गोळी देऊन बीपी साठ झाल्यावर थंडगार पडलेल्या हातात शीर शोधणं काय असतं ते ज्याने केलंय त्याला विचारा.

बीपी मॅन्युअल घ्या, निदान पहिलं तरी. सिस्टॉलिक (वरचा आकडा) ९० च्या खाली असेल तर गोळी नाही. पेशंटचं नेहमीचं जे असतं त्यापेक्षा ३० ने किंवा जास्त खाली असेल तरी नाही, आणि हा मुद्दा लोक विसरतात, नेहमी १६० असणाऱ्या आजोबांचं आज ११० आहे तर कागदावर नॉर्मल दिसतं पण त्यांच्यासाठी ते कमीच आहे. ९० ते १०० च्या मध्ये असेल तर स्वतः ठरवू नका, फोन करा. पल्स ५० च्या खाली असेल किंवा खूप पळत असेल तरीही आधी सांगा, मग द्या. दुखणं फाडल्यासारखं, पाठीत खांद्यांच्या मधे जाणारं असेल तर दोन्ही हातांचं बीपी घ्या, मोठा फरक आला तर तो महाधमनी फाटण्याचा प्रकार असू शकतो, लगेच डॉक्टर.

मग प्रश्न. ॲलर्जी आहे का, घरून निघताना किंवा वाटेत काही गोळी घेतली का आणि किती (काही जण घरी दोन, रिक्षात एक अशा तीन सॉर्बिट्रेट घेऊन आलेले असतात आणि आपण चौथी देतो), उलट्या-जुलाब झालेत का, काळी शी होतेय का, उपास आहे का. शरीरातलं पाणी कमी असेल तर हीच गोळी दुप्पट जोरात लागते, एप्रिल-मेमध्ये शेतातून थेट आलेल्या माणसाला हे विचारलंच पाहिजे. व्हॉल्व्हचा आजार सांगितलाय का तेही विचारा, ॲऑर्टिक स्टेनोसिस (महाधमनीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह अरुंद होणं) जास्त असेल किंवा हृदयाचा स्नायू जाड होऊन वाट अडवत असेल तर नायट्रेटने पेशंट एकदम कोसळू शकतो. डोक्याला मार लागलाय, मेंदूत रक्तस्राव आहे, तिथेही नाही.

तो एक प्रश्न, जो विचारायला सगळे लाजतात

सिल्डेनाफिल, टाडालाफिल, म्हणजे लैंगिक ताकदीसाठी घेतात त्या गोळ्या. वायग्रा, मॅनफोर्स, पेनेग्रा, मेगालिस, नावं शंभर आहेत. या गोळ्या आणि नायट्रेट एकाच रस्त्यावर काम करतात, दोन्ही एकत्र आल्या की बीपी असं पडतं की वर यायला तयार होत नाही. सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास, टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास नायट्रेट द्यायचं नाही, कुठल्याच रूपात नाही, गोळी नाही, स्प्रे नाही, पॅच नाही, ड्रिप नाही.

आता विचारायचं कसं. बेडच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सून, पायाशी मुलगा, आणि आपण मोठ्याने विचारलं की काका वायग्रा घेता का, तर काका मेले तरी हो म्हणणार नाहीत. आधी पडदा ओढा. नातेवाईकांना कामाला लावा, "दादा, तेवढा केस पेपर काढून आणा, मावशी तुम्ही बाहेर बसा दोन मिनिटं, ईसीजी काढायचाय." मग खाली वाकून हळू आवाजात, "काका, हे मी सगळ्या पुरुष पेशंटला विचारते, लाजू नका. ताकदीची, संबंधाच्या आधी घ्यायची अशी कुठली गोळी काल-परवात घेतली का? घेतली असली तरी रागावणार नाही कुणी, फक्त आता जी गोळी देणार आहे ती तिच्याबरोबर चालत नाही, बीपी एकदम पडतं." सगळ्यांना विचारते म्हटलं की माणूस मोकळा होतो. सिस्टरला सांगायला अवघड जात असेल तर ब्रदरला पाठवा, त्यात कमीपणा काही नाही. तरुण मुलगा असेल तर जास्तच विचारा.

यात दोन आडवाटा आहेत. एक म्हणजे प्रोस्टेटची गोळी. साठीच्या पुढच्या आजोबांना लघवीसाठी टाडालाफिल ५ एमजी रोज चालू असते, कधी टॅम्सुलोसिनबरोबर एकाच गोळीत, आणि त्यांच्या दृष्टीने ती "लघवीची गोळी" असते, ताकदीची विचारलं तर ते खरेपणाने नाही म्हणतात. म्हणून पिशवीतली सगळी पाकिटं बाहेर काढून मागची बारीक अक्षरं वाचायची. दुसरी म्हणजे बायका. फुप्फुसातल्या रक्तदाबासाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल बायकांनाही देतात, लहान मुलांनाही देतात, त्यामुळे बाई आहे म्हणून प्रश्न गाळायचा नाही. त्याच आजारात रिओसिगुआट नावाची गोळी असते, तीही नायट्रेटबरोबर चालत नाही. आणि हो, "आयुर्वेदिक पावर कॅप्सूल" म्हणून पानटपरीवर मिळणाऱ्या गोष्टीसुद्धा लिहून घ्या, त्यात चोरून सिल्डेनाफिल घातलेलं सापडतं.

उत्तर हो आलं तर लगेच डॉक्टरांना सांगा आणि केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा, वेळेसकट. काल रात्री अकराला सिल्डेनाफिल घेतली, एवढं लिहिलं की पुढच्या शिफ्टची सिस्टर, १०८ ची गाडी, ज्या हॉस्पिटलला पाठवणार तिथला स्टाफ, सगळे सावध होतात.

खालच्या बाजूचा ॲटॅक

ईसीजी वाचणं डॉक्टरांचं काम आहे हे मान्य, पण लीड टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये एसटी, म्हणजे ईसीजीच्या रेघेतला तो भाग, वर गेलीये एवढं ओळखायला आपल्याला यायला हवं. हा इन्फिरियर एमआय, म्हणजे हृदयाच्या खालच्या बाजूचा ॲटॅक. यातल्या बऱ्याच पेशंटमध्ये हृदयाचा उजवा कप्पाही मार खातो, आणि उजवा कप्पा अशक्त झाला की तो फक्त मागून येणाऱ्या रक्ताच्या दाबावर कसाबसा चालतो. आपण नायट्रेट देऊन मागून येणारं रक्तच कमी केलं तर पुढे ढकलायला काही उरतच नाही. म्हणून अशा पेशंटमध्ये गोळी हातात धरून थांबा, डॉक्टरांना विचारा, "सर, उजव्या बाजूचा ईसीजी काढू का?" व्ही-फोरचा इलेक्ट्रोड उजवीकडे, बरगड्यांच्या पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्याच्या रेषेत लावायचा आणि कागदावर हाताने व्ही-फोर-आर लिहायचं, नाहीतर नंतर कुणाला कळणार नाही. तिथे एसटी एक एमएम किंवा जास्त वर असेल तर उजवा कप्पा गेलाय असं समजून चालायचं. बीपी कमी, गळ्यातली शीर फुगलेली आणि छाती मात्र साफ, हे तिन्ही एकत्र दिसलं तर ईसीजीची वाट न बघताच संशय घ्या. या लोकांना नायट्रेट नाही, लॅसिक्स (लघवी वाढवून पाणी काढणारं औषध) नाही, उलट बहुतेक वेळा डॉक्टर सलाईन द्यायला सांगतात.

आता द्यायची कशी

आधी हातात कुठली गोळी आहे ती वाचा, कारण एकाच घराण्यातल्या सगळ्या जिभेखाली ठेवायच्या नसतात. आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट म्हणजे आपली सॉर्बिट्रेट किंवा आयसॉर्डिल, ५ एमजी, ही जिभेखाली चालते, दोन ते पाच मिनिटांत लागते. नायट्रोग्लिसरीनची अँजिसेड ०.५ एमजी, ती पण जिभेखाली, एक ते तीन मिनिटांत, आणि साधारण अर्ध्या तासात उतरते. स्प्रेचा एक फवारा बहुतेक ०.४ एमजीचा. पण नायट्रोकंटिन २.६ किंवा ६.४ यातही नायट्रोग्लिसरीनच आहे आणि तरी ती जिभेखालची नाही, हळूहळू सुटणारी, गिळायची, पुढचं दुखणं येऊ नये म्हणून. मोनोट्रेट, इम्डूर याही गिळायच्याच. चालू दुखण्याला त्या उपयोगाच्या नाहीत, आणि ज्या हळूहळू सुटणाऱ्या आहेत त्या कुटून राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) अजिबात द्यायच्या नाहीत, दिवसभराचा डोस एकदम सुटतो. ट्यूब असलेल्या पेशंटला अशी गोळी लिहून आली तर बदलून मागा.

पेशंट बसलेला किंवा टेकून आडवा. उभा कधीच नाही. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाण्याने ओलं करून घ्या, घाबरलेल्या माणसाचं तोंड सुकलेलंच असतं आणि सुकलेल्या तोंडात गोळी तशीच पडून राहते. जीभ वर, गोळी खाली, तोंड बंद. चावायची नाही, गिळायची नाही, विरघळेपर्यंत वर पाणी नाही. गिळली तर नायट्रोग्लिसरीनचा मोठा भाग लिव्हरमध्येच संपतो. पेशंटला आधीच सांगून ठेवा की थोडं चुरचुरेल, डोकं दुखेल, चेहरा गरम होईल, ते ठीक आहे, पण अंधारी आली किंवा घाम सुटला तर लगेच बोलायचं. स्प्रे असेल तर बाटली हलवायची नाही, नवीन असेल तर आधी हवेत दाबून फवारा यायला लागला का बघायचं, आणि तोंडात मारताना श्वास रोखायला सांगायचं, ते दम्याच्या पंपासारखं ओढायचं औषध नाहीये.

घड्याळ बघा आणि वेळ लिहा.

पाच मिनिटांनी बीपी, पल्स आणि दुखणं किती. दहापैकी किती दुखतंय हे शहरातल्या पेशंटला जमतं, गावाकडच्या आजींना विचारलं की त्या आपल्याकडे बघत बसतात. त्यांना विचारा, "आजी, मघाशी सोळा आणे दुखत होतं असं धरा, आता किती आणे राहिलं?" पटकन सांगतात, सहा आणे राहिलंय गं. तेच लिहा आणि पुढच्या वेळीही तसंच विचारा.

दुखणं राहिलंय, बीपी परत ९० च्या वर आणि फार पडलेलं नाही, मग ऑर्डर असेल तर दुसरी. परत पाच मिनिटं, परत बीपी, मग तिसरी. पंधरा मिनिटांत तीनच्या पुढे नाही. नायट्रोग्लिसरीनचं हे गणित आहे, सॉर्बिट्रेटला बरेच डॉक्टर जास्त अंतर ठेवतात कारण ती जास्त वेळ टिकते, त्यामुळे परत कधी द्यायची हे ऑर्डरमध्ये लिहून घ्याच. "एसओएस", म्हणजे गरज पडली तर, एवढंच लिहिलं असेल तर विचारा, किती वेळाने आणि जास्तीत जास्त किती. आणि एका गोळीने फरक पडला नाही की डॉक्टरांना तेव्हाच कळवायचं, तीन संपेपर्यंत थांबायचं नाही.

गोळीने आराम पडला म्हणजे हृदयाचंच होतं आणि नाही पडला म्हणजे गॅस होता, असं काही नसतं. अन्ननलिकेची उबळसुद्धा नायट्रेटने सुटते, आणि खऱ्या ॲटॅकचं दुखणं तीन गोळ्यांनी हलत नाही. निदान ईसीजी आणि ट्रोपोनिनने, म्हणजे हृदयाला इजा झाली का ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीने, होऊ द्या.

एक गोष्ट प्रत्येक वॉर्डात घडते. गोळी दिली, दहा मिनिटं झाली, पेशंट म्हणतो बरं वाटतंय, जरा संडासला जाऊन येतो. इन्फिरियर एमआयच्या पेशंटला तर मळमळ आणि शीची भावना तशीच असते. आपला संडास कॉरिडॉरच्या टोकाला, आतून कडी. उठून उभा राहिला की सगळं रक्त पायात, आणि दाराआड धाडकन पडलेला आवाज येतो. त्यामुळे गोळी दिल्यावर निदान अर्धा तास बेडवरच, युरीन पॉट नाहीतर बेडपॅन, आणि हे नातेवाईकाला, वॉर्डातल्या मामांना आणि मावशींनाही सांगून ठेवा, कारण हात धरून नेणारे तेच असतात.

बीपी पडलंच तर

तोंडात गोळी शिल्लक असेल तर थुंकायला लावा, गॉजने जिभेखाली पुसून काढा. पॅच असेल तर काढा आणि खालची कातडी पुसा. ड्रिप असेल तर पंप बंद. डोकं सपाट, पाय वर, पण छातीत पाणी भरून धाप लागलेल्या पेशंटला सपाट झोपवताना डॉक्टरांना विचारा. एकीकडे हाक मारा, दुसरीकडे लाईन चालू आहे का बघा, सलाईनचा बोलस (एकदम द्यायचा डोस) बहुतेक २५० एमएल सांगतात, तो देताना छाती ऐकत राहा. काही वेळा बीपीबरोबर पल्सही चाळीसवर येते, अपेक्षा उलटी असते म्हणून गोंधळायला होतं, पल्स वाढवणाऱ्या ॲट्रोपिनचे ०.६ एमजीचे ॲम्प्यूल क्रॅश कार्टवर हाताशी असू द्या. बरेच पेशंट पाय वर केल्यावर काही मिनिटांतच परत बोलायला लागतात. नाही लागले तर उजव्या कप्प्याचा आणि त्या लाजऱ्या प्रश्नाचा परत विचार करा.

नुसतं डोकं दुखत असेल तर पॅरासिटामॉल, ऑर्डरनुसार. पेशंटला सांगा की दोन-चार दिवसांत कमी होतं, नाहीतर घरी गेल्यावर तो स्वतःच गोळी बंद करतो.

एनटीजीची ड्रिप

एनटीजी म्हणजे नायट्रोग्लिसरीनच, शिरेतून. इथे चूक महाग पडते म्हणून सावकाश वाचा. आपल्याकडे ॲम्प्यूल बहुतेक ५ एमएलमध्ये २५ एमजी असं येतं. एक ॲम्प्यूल घेऊन ५० एमएल सिरिंजमध्ये नॉर्मल सलाईन किंवा पाच टक्के डेक्स्ट्रोजने ५० एमएल केलं की एका एमएलमध्ये ५०० मायक्रोग्रॅम. मग मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम म्हणजे तासाला ०.६ एमएल, १० म्हणजे १.२, २० म्हणजे २.४. गणित सोपं आहे, मायक्रोग्रॅम गुणिले ६० भागिले ५००. पण बाजूच्या आयसीयूत दोन ॲम्प्यूल घालून ५० एमएल करत असतील तर तिथे एका एमएलमध्ये एक एमजी झाला, आणि पंपावर तेच १.२ ठेवलं तर पेशंटला दुप्पट जातंय. कॅज्युअल्टीतून पेशंट वर येतो तेव्हा हे होतं. म्हणून हँडओव्हरला "एनटीजी १.२ ने चालू आहे" असं बोलायचंच नाही. ५० मध्ये किती एमजी आणि मिनिटाला किती मायक्रोग्रॅम, हे बोलायचं, आणि सिरिंजवर लेबल वाचून, दोघींनी पंप बघून. लेबल नसलेली सिरिंज आली तर ती टाका आणि नवीन भरा, तेवढ्यासाठी भांडण झालं तरी चालेल.

सुरुवात ५ ते १० मायक्रोग्रॅमने, मग तीन ते पाच मिनिटांनी थोडं थोडं वाढवत, दुखणं थांबेपर्यंत किंवा बीपी सांगितलेल्या आकड्याला येईपर्यंत. तो आकडा ऑर्डरमध्ये हवा, कितीला थांबायचं आणि कितीला बंद. साधारण २०० च्या पुढे जात नाहीत. वाढवत असताना दर पाच मिनिटांनी बीपी, कफ दुसऱ्या हाताला. बीपी मोजायला म्हणून कफ लाईनच्या हातावर बांधला की फुगल्यावर ड्रिप अडते आणि सुटल्यावर साठलेलं एकदम जातं.

नायट्रोग्लिसरीन साध्या पीव्हीसीच्या बाटलीला आणि नळीला चिकटून बसतं, अर्ध्याहून जास्त औषध नळीतच राहू शकतं. काचेची बाटली किंवा पॉलिप्रोपिलिनची सिरिंज, आणि मिळत असेल तर पॉलिथिलीनची नळी. साधी नळीच असेल तर निदान हे लक्षात ठेवा की नळी बदलल्यावर त्याच रेटला परिणाम वेगळा येऊ शकतो, बीपी परत जवळून बघा. लाईन वेगळी ठेवा, आणि त्यातून अँटिबायोटिक देऊन फ्लश तर मुळीच मारायचा नाही, नळीतलं सगळं एनटीजी एका दमात आत जातं. बंद करतानाही हळूहळू उतरवत, एकदम बंद केलं की दुखणं उलटून येऊ शकतं. खूप मोठ्या डोसवर बराच वेळ असलेल्या पेशंटचं सॅच्युरेशन ऑक्सिजन लावूनही ८५ च्या आसपास अडकून बसलं आणि रक्त चॉकलेटी दिसलं तर मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन नेऊ न शकणारं हिमोग्लोबिन) झालंय का विचारा. क्वचित होतं, पण ते ओळखणारी बहुतेक वेळा सॅम्पल काढणारी सिस्टरच असते.

आठ-आठची वेळ आणि सोमवारचं डोकं

हा माझा आवडता विषय आहे, कारण इथे डॉक्टरपेक्षा सिस्टरच्या हातात जास्त आहे. नायट्रोग्लिसरीन पहिल्यांदा बनवलं इटलीत, १८४७ साली, सोब्रेरो नावाच्या केमिस्टने. आल्फ्रेड नोबेलने त्याचा डायनामाइट केला, आणि लंडनच्या विल्यम मरेलने १८७९ ला तेच अगदी थोड्या प्रमाणात अंजायनाला, म्हणजे हृदयाच्या दुखण्याला, वापरलं. (पेशंट विचारतात, हो, तेच ते, पण गोळी फुटत नाही.) डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांचं सोमवारी डोकं भयंकर दुखायचं, मंगळवार-बुधवारपर्यंत सवय होऊन थांबायचं, रविवारी सुट्टी झाली की सवय मोडायची आणि सोमवारी परत तेच. म्हणजे शरीराला या औषधाची सवय फार लवकर होते आणि थोडे तास मोकळे मिळाले की सवय सुटते. दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या.

औषध चोवीस तास सारखं चालू राहिलं तर दोन दिवसांत ते काम करेनासं होतं. म्हणून दिवसातले दहा ते चौदा तास नायट्रेटशिवाय ठेवायचे असतात, बहुतेक रात्रीचे. आता मोनोट्रेट २० बीडी (दिवसातून दोनदा) लिहिलंय आणि आपल्या वॉर्डात बीडी म्हणजे डोळे मिटून सकाळी आठ आणि रात्री आठ. झालं, मोकळे तास गेले. ही गोळी सकाळी आठ आणि दुपारी तीन अशी द्यायची असते, सात तासांच्या अंतराने. सॉर्बिट्रेट टीडीएस (दिवसातून तीनदा) असेल तर आठ, एक, सहा. चार्टवर वेळ टाकताना डॉक्टरांना विचारून हीच टाका, आणि नाईटच्या सिस्टरला सांगा की राहिलेली नाहीये, मुद्दाम आहे, नाहीतर ती बिचारी प्रामाणिकपणे रात्री नऊला देऊन टाकते.

पॅचलाही तेच, सकाळी लावा, रात्री काढा. लावताना जुना शोधून काढायचा, पाठीवर, दंडावर, कुठेही असतो, दोन-दोन पॅच लावलेले पेशंट असतात. केस नसलेली कोरडी जागा, रोज वेगळी, वर तारीख, वेळ, सही. हातात ग्लोव्हज घाला, नाहीतर ड्युटी संपेपर्यंत स्वतःचंच डोकं ठणकतं. शॉक द्यायची वेळ आली तर पॅडलखाली किंवा जवळ पॅच नको, मागे धातूचा थर असेल तर ठिणगी उडून कातडी भाजते. एमआरआयला नेताना पण काढून न्या.

घरी जाताना

डिस्चार्जच्या वेळी गोळी पेशंटला समजावतो आणि ती शोधायची वेळ येते तेव्हा धावपळ करते बायको किंवा मुलगा. म्हणून दोघांनाही समोर बसवा. गोळी कुठे ठेवणार ते विचारा, देवघराच्या कपाटात म्हणाले तर एक स्ट्रिप खिशात, एक उशाशी असं सांगा. अँजिसेडसारखी बाटलीतली असेल तर त्याच गडद काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट, प्लास्टिकच्या डबीत इतर गोळ्यांबरोबर नाही, आणि बाटली फोडल्याची तारीख वर लिहायची, कारण उघडल्यावर ती लवकर उतरते.

दुखायला लागलं की आहे तिथे बसायचं, गाडी चालवत असेल तर बाजूला घ्यायची, एक गोळी जिभेखाली, पाच मिनिटं. कमी होत नसेल किंवा वाढत असेल तर १०८ ला फोन, मग पुढचं. जावई येईपर्यंत, सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही. शेजाऱ्याच्या छातीत दुखलं म्हणून त्याला आपली गोळी द्यायची नाही, त्याचं बीपी किती आहे, त्याने काय घेतलंय हे आपल्याला माहीत नसतं. आणि पुरुष पेशंटला पडद्याआड एकदा परत सांगा की ती दुसरी गोळी आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरांना. लाज वाटत असेल तर फाईलमध्ये चिठ्ठी लिहून ठेवा म्हणावं, ओपीडीत डॉक्टर स्वतः विषय काढतील.